शेजाऱ्याचे अंगण, आपली भाकर

‘लोक काय म्हनतीन?’ आपल्या खानदेशात घरातले निम्मे निर्णय या एका प्रश्नावर होतात. मुलीचे लग्न कोणत्या लॉन्समध्ये करायचे, पंगतीला गोडाचे पदार्थ किती ठेवायचे, नातवाला कोणत्या शाळेत घालायचे, मोटारसायकल असताना चारचाकी घ्यायची की नाही, हे सगळे आपणच ठरवतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेने ठरते. अहिराणीत विचारा, लेवा गणबोलीत विचारा, नाहीतर आमच्या मोहल्ल्यातल्या खानदेशी उर्दूत विचारा. शब्द बदलतात, धाक तोच असतो.

जळगावला आपण सुवर्णनगरी म्हणतो. इथल्या सराफ बाजारात लांबलांबून माणसे सोने घ्यायला येतात आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण २०२५ साली सोन्याचा भाव तोळ्यामागे एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा याच मातीतल्या कितीतरी बापांच्या पोटात गोळा आला असेल. कापूस किंवा केळी विकून जे हाती येते त्यात पाच तोळे कसे बसवायचे? भाव वाढला म्हणून रीत कमी होत नाही. मग सोसायटीचे कर्ज, पतसंस्थेचे कर्ज, बचत गटाचे कर्ज आणि शेवटी सावकार, अशी उतरंड लागते. धुळ्यात जा, शिरपुरात जा, चाळीसगावात जा, ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

या बरोबरीच्या ओढीला धर्मांनी काय उत्तर दिले आहे, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा वाटतो. आज मी त्यातल्या एका धर्माविषयी, ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलणार आहे. मुसलमान माणसाने ख्रिस्ती धर्मावर का बोलावे, असे कोणी विचारील. हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची नावे आमच्या घरात आदराने घेतली जातात, हे एक कारण. दुसरे कारण असे की मी मराठीत कविता लिहितो, आणि मराठी कवितेच्या वाटेवर रेव्हरंड टिळकांचे घर लागतेच. तिसरे कारण आपल्या खानदेशाचे आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच विनोबांनी पुढे कुराणाचे आणि ख्रिस्तधर्माचेही सार काढले, आणि त्याच साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. दुसऱ्याच्या धर्मातले चांगले वाचावे, ही आपल्या भागाची जुनी रीत आहे.

मूठभर माणसे

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का होते. खानदेशात नवापूरच्या बाजूचा आदिवासी पट्टा सोडला, तर ही वस्ती विरळच. भुसावळला रेल्वे आली तेव्हा तिच्याबरोबर ड्रायव्हर, गार्ड आणि फोरमन यांची ख्रिस्ती कुटुंबे आली. पुढे अमेरिकेतून आणि स्वीडनकडच्या देशांतून आलेल्या अलायन्स मिशनच्या लोकांनी जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार या भागांत ठाणी उभी केली. चिंचपाड्याचे मिशन हॉस्पिटल नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. या कामातून शिक्षक झाले, नर्स झाल्या, कारकून झाले, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी दहा-वीस ख्रिस्ती घरांची एखादी आळी तयार झाली.

अशा लहान समाजावर बरोबरीचा ताण दुहेरी असतो. एकीकडे बाकीच्या गावाशी बरोबरी. दुसरीकडे जुन्या मिशन बंगल्याची सावली. साहेबाचे टेबल, साहेबाची इंग्रजी, साहेबाचा कोट हे पाहत ज्यांच्या आजोबांची पिढी वाढली, त्यांच्याकडून गाव ‘सुधारलेले’ दिसण्याची अपेक्षा करते. खिशात पैसा असो वा नसो, मुलाच्या पायात बूट पाहिजेत. यात आणखी एक गोष्ट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र बाहेर राहिले. म्हणजे शिडीची एक पायरी काढून घेतलेली, आणि वर पोचल्याचे दाखवायचे मात्र इतरांइतकेच. हा ताण बाहेरून दिसत नाही.

शेजाऱ्याचा बैल

आता मूळ शिकवणीकडे वळू. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेत दहा आज्ञा आहेत. खून करू नको, चोरी करू नको, या आज्ञा कोणत्याही धर्मात सापडतील. पण दहावी आज्ञा वेगळी आहे. ती कृतीबद्दल बोलत नाही, नजरेबद्दल बोलते. शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नको, असे ती सांगते, आणि नुसते सांगून थांबत नाही तर यादीच देते. त्या यादीत शेजाऱ्याचे घर आहे, माणसे आहेत, बैल आहे, गाढव आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला ज्या ज्या गोष्टी पाहून रात्री झोप येत नसे, त्या सगळ्या त्यात आल्या. आज ती यादी करायची तर बैलाच्या जागी ट्रॅक्टर येईल, गाढवाच्या जागी नवी गाडी येईल, आणि शेजाऱ्याच्या मुलाचे पुण्यातले पॅकेज येईल. यादी बदलली तरी नजर जुनीच आहे.

या आज्ञेत लोभ कोणाच्या वस्तूचा धरायचा नाही, हे नीट पाहा. राजाच्या नाही, सावकाराच्या नाही, शेजाऱ्याच्या. कारण माणूस राजाशी बरोबरी करीत नाही. कोट्यधीशाच्या घरचे लग्न आपण टीव्हीवर मजेने पाहतो. आपल्याला टोचते ते साडूच्या घरचे लग्न. बरोबरीचा रोग जवळच्या माणसाकडून लागतो, ही गोष्ट त्या जुन्या आज्ञेने ओळखली होती.

माझ्या वाचनात कुराणातली एक छोटी सूरह आहे, सूरह तकासुर, अवघ्या आठ आयतींची. तिचा आशय असा, की एकमेकांपेक्षा जास्त जमवण्याच्या चढाओढीने तुम्हाला इतके गुंतवून ठेवले की थेट कबरीपर्यंत पोचलात. तिकडे येशूने श्रीमंताला आणि सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाला एकत्र आणले. सुईचे नेढे आणि उंट ही जोडी कुराणातही येते, तिथे ती गर्विष्ठांविषयी आहे. दोन्ही ग्रंथ वाळवंटाच्या काठावरच्या माणसांना उद्देशून आले. उंट केवढा आणि नेढे केवढे, हे त्यांना चांगले माहीत होते.

आजच्यापुरती भाकर

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, ती जगभरचे ख्रिस्ती रोज म्हणतात. तिच्यात देवाकडे खाण्याचे मागणे आहे, पण ते फक्त आजच्यापुरते आहे. वर्षाचे धान्य भरून ठेव, असे त्यात नाही. मराठी बायबल करणाऱ्यांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द वापरला, हे मला फार आवडते. त्यामुळे ती प्रार्थना आपल्या चुलीपाशी येऊन बसते. कळण्याची भाकर, ठेचा आणि वर तेलाची धार, एवढ्यावर खानदेशातली कितीतरी घरे वाढली आहेत.

या मागण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक रानातून चालले होते. त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना नावाचे अन्न मिळे. आमच्याकडे त्यालाच ‘मन्न’ म्हणतात. अट एवढीच होती, की ज्याने त्याने त्या दिवसापुरते वेचावे. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवले. सकाळी पाहतात तो त्यात किडे पडले होते. फक्त विश्रांतीच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायला परवानगी होती, आणि ते खराब होत नसे. गरजेइतके सर्वांना मिळते, साठवलेले कुजते, आणि आठवड्यातला एक दिवस हात थांबवायचा, अशा तीन गोष्टी त्या लोकांना गुलामीनंतर पहिल्यांदा शिकवल्या गेल्या. जो काल गुलाम होता त्याला आज साठवण्याची घाई असते, त्यामुळे हा धडा त्यालाच आधी द्यावा लागला.

विश्रांतीच्या दिवसाचेही असेच आहे. तो दिवस मालकापुरता नाही. चाकराला, परक्याला आणि बैल-गाढवालाही त्या दिवशी काम लावू नये, असे बायबल सांगते. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याची आठवण यावी असे हे आहे. ख्रिस्ती लोकांनी हा दिवस रविवारी आणला. आज आपण रविवारचा अर्थ सुटीचा आणि खरेदीचा दिवस असा करून टाकला आहे. मूळ अर्थ वेगळा होता. आठवड्यातून एक दिवस मी कमावणार नाही आणि तरीही माझी किंमत कमी होणार नाही, असे माणसाने स्वतःला बजावण्याचा तो दिवस होता.

पक्ष्यांची आणि रानफुलांची प्रसिद्ध शिकवणही इथेच बसते. ती मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तिचा अर्थ काम करू नका असा काढणे चुकीचे आहे. पाखरू दिवसभर दाणे टिपत फिरते, ते आळशी नसते. पण ते दुसऱ्या पाखराच्या घरट्याकडे पाहून झुरत नाही. काम सोडा असे येशू म्हणत नाही. झुरणे सोडा, एवढेच त्याचे सांगणे आहे.

द्राक्षमळ्यातले मजूर

येशूच्या सगळ्या दाखल्यांत मला सर्वांत अवघड वाटतो तो द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. मळ्याचा मालक पहाटे मजुरांच्या नाक्यावर जातो आणि दिवसाला एक नाणे ठरवून माणसे घेऊन येतो. तो पुन्हा नऊच्या सुमारास जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी एकदा जातो. तेव्हाही काही माणसे उभी असतात. दिवसभर त्यांना कोणी बोलावलेले नसते. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो आणि त्यांना पूर्ण नाणे देतो. पहाटे आलेल्यांना वाटते, आता आपल्याला जास्त मिळणार. पण त्यांनाही ठरलेले एकच नाणे मिळते, आणि ते कुरकुर करतात.

आपल्या कोणत्याही शहरातल्या मजुरांच्या अड्ड्यावर हा दाखला सांगून पाहा, लोक चिडतील. चिडणे साहजिक आहे. पण पहाटेच्या मजुरांचे नुकसान काय झाले? जे ठरले होते ते त्यांना मिळाले. दुसऱ्याच्या हातातले नाणे दिसले नसते, तर ते समाधानाने घरी गेले असते. शेवटच्याला पूर्ण मजुरी का, याचे उत्तर त्याच्या चुलीत आहे. अर्ध्या नाण्यात त्याच्या घरी अर्धीच मुले जेवली असती. मालकाने मोजमाप कामाचे न करता भुकेचे केले. ख्रिस्ती लोक ज्याला देवाची कृपा म्हणतात, ती समजून घ्यायची तर हा दाखला पुरेसा आहे. कृपा तराजूत बसत नाही, आणि ज्याने हातात तराजू धरला आहे त्याला ती अन्यायासारखी दिसते.

बरोबरीच्या ओढीवर ख्रिस्ती श्रद्धेचे मुख्य उत्तर हेच आहे, असे मला वाटते. ‘साधे राहा’ हा उपदेश सगळेच करतात. ही श्रद्धा त्याच्या आधीची गोष्ट सांगते. तुझी किंमत अगोदरच ठरलेली आहे, ती शेजाऱ्याशी तुलना करून ठरत नाही, म्हणून ती सिद्ध करण्याचा खटाटोप करू नकोस. हे मनापासून पटले तर साधे राहणे आपोआप जमते. पटले नाही तर साधेपणाचीही स्पर्धा सुरू होते.

टिळकांचे घर

शिकवण कितीही चांगली असली तरी ती संसारात उतरते तेव्हा काय होते, हे पाहायला हवे. मराठीत त्याचे उत्तम उदाहरण नारायण वामन टिळक यांचे आहे. १८६१ चा त्यांचा जन्म. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा खानदेशाशी जवळचा संबंध आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून सभा थक्क झाली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे तो मुलगा नगरला टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला. ब्राह्मणाच्या मुलाने त्या काळी ख्रिस्ती घरात राहावे, याला दोन्ही बाजूंनी धैर्य लागत होते. त्याच बालकवींचा १९१८ साली जळगावजवळ भादली स्टेशनपाशी रेल्वेखाली अंत झाला.

टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे. गरजू दिसला की हात खिशात जाई. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा संसार असा रंगवला आहे की वाचताना हसू येते आणि डोळेही भरतात. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांचा राबता त्या घरात कायम असे. शेजाऱ्यापेक्षा आपले घर कसे दिसते, या प्रश्नाला तिथे जागाच नव्हती. टिळकांनी अखेरच्या काळात मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती आपल्या देशी पद्धतीने, भजन-कीर्तनातून व्हावी, साहेबी थाटातून नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. मिशन बंगल्याच्या सावलीतून बाहेर पडण्याची ती वाट होती. १९१९ साली ते गेले.

पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दुसरी बाजूही दिसते. नवऱ्याने खिसा रिकामा केला की संध्याकाळी चूल पेटवायची कोणी? त्यागाचा मान एकाला मिळतो आणि त्याचा खर्च पुष्कळदा घरातली बाई भरते. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, पण गोष्ट लपवतही नाहीत. म्हणून आज कोणी घरी येऊन ‘आता साधेपणाने राहायचे’ असे जाहीर करणार असेल, तर त्याने आधी घरातल्या बाईला विचारावे. सगळ्या घराने मिळून ठरवलेला साधेपणाच टिकतो.

पंडिता रमाबाईंनी हे वेगळ्या रीतीने केले. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातल्या निराधार मुली आणि विधवा यांना आणले. साधे कपडे, सारखे जेवण आणि प्रत्येकीच्या हाताला काम, अशी तिथली राहणी होती. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे बायकाच करीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथल्याच छापखान्यात बायकांनी छापले. जिथे सगळ्याच जणी एका ताटातल्या असतात, तिथे कोणाच्या ताटाकडे पाहायचे?

धर्मातही शिरलेली स्पर्धा

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की ख्रिस्ती समाज या रोगातून मुक्त असेल. तसे नाही. मुळात येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याचे पहिले अंथरूण गव्हाण होते, असे हा धर्म सांगतो. पण डिसेंबर उजाडला की कोणाच्या दारातला तारा मोठा, कोणाच्या मुलांचे कपडे भारी, केक कुठून मागवला, याची चढाओढ लागते. आमच्या ईदचे तेच आहे, दिवाळीचेही तेच आहे. लग्नातही हळद, मांडव, मानपान आणि देणेघेणे ख्रिस्ती घरांत इतरांसारखेच शिरले आहे. धर्म बदलला तरी साडू आणि विहीण बदलत नाहीत.

याहून खोल अडचण समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दाखवली. १९०४-०५ साली लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधात मांडणी अशी आहे, की युरोपातल्या काही प्रोटेस्टंट पंथांनी कष्ट आणि काटकसर हे धार्मिक कर्तव्य मानले. माणूस कष्ट करतो आणि उधळत नाही, तेव्हा पैसा साठतो. साठलेला पैसा पुन्हा धंद्यात जातो. अशा रीतीने संसाराचा मोह टाळणाऱ्या माणसांनीच नव्या भांडवलशाहीला बळ दिले. मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनाही अठराव्या शतकात हीच चिंता होती. भक्तीने माणूस उद्योगी होतो, उद्योगाने श्रीमंत होतो, आणि श्रीमंतीने भक्ती आटते. यावर त्यांचा उपाय एकच होता. जमेल तेवढे कमवा, जमेल तेवढे वाचवा, आणि मग जमेल तेवढे देऊन टाका. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळांनी केल्या. तिसरी अवघड गेली.

विसाव्या शतकात अमेरिकेत आणखी एक विचार वाढला. श्रद्धा खरी असेल तर देव आरोग्य आणि संपत्ती देतोच, असे सांगणारे प्रवचनकार निघाले, आणि टीव्हीमार्गे तो विचार आपल्याकडेही आला. त्यातला धोका उघड आहे. ज्याला गाडी मिळाली नाही त्याला वाटू लागते की आपली श्रद्धाच कमी पडली. म्हणजे जगात मागे राहिल्याचे दुःख होतेच, त्यात देवाच्या दारातही मागे राहिल्याचे दुःख मिळते. अनेक ख्रिस्ती धर्मपंडितांनी या शिकवणीवर कडक टीका केली आहे. मंदिरातल्या पेटीत दोनच लहान नाणी टाकणाऱ्या विधवेला येशूने सर्वांत मोठी दाती ठरवले होते, एवढे आठवले तरी ही शिकवण मुळापासून किती दूर गेली ते कळते.

पुढे जाणे आणि पुढे दिसणे

इथे एक रास्त आक्षेप येतो. समाधानी राहा, हा उपदेश गरिबाला गरीब ठेवण्यासाठी तर नाही? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘आहे त्यात सुख मान’ असे सांगून खाली ठेवले, त्यांनी हा उपदेश पुन्हा का ऐकावा? या आक्षेपाला मिशनच्या इतिहासातूनच उत्तर मिळते. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतले. ज्या श्रद्धेने रोजच्या भाकरीपुरते मागायला शिकवले, तिच्याच लोकांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले आणि खालच्याला वर यायला हात दिला. यात विरोध नाही. पुढे जाणे वेगळे आणि पुढे दिसणे वेगळे. मुलीला नर्स करण्यासाठी काढलेले कर्ज आणि तिच्या लग्नात घोडे नाचवण्यासाठी काढलेले कर्ज, दोन्हींचा हप्ता सारखाच कापला जातो. पण एकाने घर उभे राहते आणि दुसऱ्याने बसते.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका आहेत, आम्ही त्यांना सिस्टरबाई म्हणतो. पेन्शन हातात आली की त्या पहिल्यांदा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, बाजूला काढतात. आमच्याकडे जकात साठलेल्या रकमेवर अडीच टक्के असते, म्हणून मी त्यांना एकदा म्हटले, ‘‘सिस्टरबाई, तुमचा हिशेब आमच्यापेक्षा कडक आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, आधी दिलं ना, की उरलेलं आपलं वाटत नाही. मग ते दाखवायचीही हौस राहत नाही.’’ त्यांच्या नातीचे लग्न ठरले तेव्हा मुलाचा आग्रह मोठ्या लॉन्सचा होता, आणि त्यासाठी आईच्या ठेवी मोडायच्या होत्या. सिस्टरबाईंनी नकार दिला. लग्न चर्चमध्ये झाले आणि आवारात साधे जेवण झाले. हे सोपे गेले नाही. नातलग बोलले, मुलगा कितीतरी महिने धड बोलला नाही. ठेवी राहिल्या, त्यावर नात पुढचे शिक्षण घेते आहे. पण मुलाच्या मनातली अढी पूर्ण गेली असे त्या अजूनही म्हणत नाहीत. साधेपणाची किंमत अशीही द्यावी लागते, आणि ती द्यायला पाठीशी काहीतरी लागते.

सिस्टरबाईंच्या पाठीशी काय होते, याचा विचार केला तर ख्रिस्ती उपासनेतल्या काही साध्या सवयी दिसतात. दर रविवारी सगळ्यांनी एका बाकावर बसायचे, मग तो अधिकारी असो की झाडूवाला. प्रभुभोजनात एकाच भाकरीचे तुकडे सगळ्यांनी घ्यायचे. पीक घरात आले की हंगामातला वाटा चर्चमध्ये आणून ठेवायचा. जेवणाआधी दोन शब्द आभाराचे बोलायचे. यातली कोणतीही गोष्ट मोठी नाही. पण ज्या मनाला आठवड्यातून एकदा ‘पुरे आहे’ म्हणायची सवय लागते, ते मन बाजारात लवकर फसत नाही. आमच्या नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणे, वारीत एकमेकांच्या पाया पडणे, गुरुद्वाऱ्यात एका पंगतीत जेवणे, यांमागेही हेच शहाणपण आहे. निदान तेवढा वेळ कोणी कोणाच्या पुढे नसतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बरोबरीचा दबाव एका घराचा नसतो, तो सगळ्या आळीचा असतो. म्हणून एकट्या घराने त्यातून बाहेर पडायचे ठरवले तर ते एकटे पडते. सिस्टरबाईंना जे सोसावे लागले ते यामुळेच. पण चर्चची कमिटी, मशिदीची जमात, जातीचे पंचमंडळ किंवा साधी कॉलनीतली दहा घरे एकत्र बसली आणि ‘आमच्याकडे लग्नात एवढेच पदार्थ, एवढेच सोने, आणि कर्ज काढून काही नाही’ असे ठरवले, तर कोणाचीच मान खाली जात नाही. कारण ज्यांच्या बोलण्याला आपण भितो, तेच लोक त्या बैठकीत आपल्या शेजारी बसलेले असतात. पुढची लग्नसराई सुरू होण्याआधी अशी एक बैठक आपापल्या आळीत व्हावी. आपल्यातल्या एखाद्या बापाची झोप त्याने वाचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)